सड्यावर फोटो काढायला येताय? दोन-तीन दिवसांच्या बेतासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीची. कॅमेरा घेऊन सड्यावर जाणं हा माझा बरीच वर्षं चाललेला नाद आहे. पुणे, मुंबई, कोल्हापूरकडची मंडळी येण्याआधी फोन करतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून काढली आहेत. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सड्याचा बेत नकाशा बघून आखू नका, ऊन बघून आखा.

सडा म्हणजे नक्की काय? त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे?

कोकणात समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या डोंगरांचे माथे बऱ्याच ठिकाणी सपाट आहेत. त्या उघड्या, कातळी पठाराला आम्ही सडा म्हणतो. खाली नारळी-पोफळीचं आगर, उतारावर आंबा-काजू आणि चढण संपली की एकदम मोकळं आभाळ नि लालसर काळा दगड. हा दगड म्हणजे जांभा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून तयार झालेला काळा पाषाण इथल्या उष्ण, पावसाळी हवेत कुजत गेला. त्यातली सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोहामुळे तो लाल. आतून खणून काढला तर मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. म्हणून तर त्याचे चिरे कापून आमची घरं, विहिरी, गडगे उभे राहिले.

एप्रिलमध्ये पाहाल तर हे वाळवंटच आहे. झाड नाही, सावली नाही, पायाखाली तापलेला दगड. तोच सडा ऑगस्टमध्ये बघितला तर जागा ओळखू येत नाही. आणि याच दगडावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी हत्ती, मासे, वाघ, माणसं कोरून ठेवली आहेत. ती आमची कातळशिल्पं.

किती दिवस हवेत?

दोन पूर्ण दिवस आणि एक जादा संध्याकाळ. त्यात दोन सडे, फार तर तीन. लोक मला दिवसाला सहा-सहा ठिकाणांची यादी पाठवतात, तेव्हा त्यातली चार मी खोडते. चांगलं ऊन सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. म्हणजे दोन दिवसांत तुमच्या हातात चार-पाच तास आहेत. त्यातला अर्धा वेळ रस्ता विचारण्यात गेला तर फोटो कधी काढणार?

कोणत्या महिन्यात यावं?

काय हवंय त्यावर आहे. कातळशिल्पं हवी असतील तर डिसेंबर ते मार्च. पावसात सड्यावर पाणी साचतं, नंतर गवत वाढतं आणि शिल्पं त्याखाली जातात. नोव्हेंबरपर्यंत गवत सोनेरी होऊन वाऱ्यावर लवायला लागतं, तेही देखणं असतं, पण शिल्प शोधायला ते अडचणीचं. डिसेंबरनंतर गवत कापलं जातं, कातळ उघडा पडतो, सकाळी हवा गार असते आणि सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दगडाला थोडी तरी सावली राहते.

फुलं हवी असतील तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा शेवट. मेमध्ये मी कुणाला या म्हणत नाही. उकाडा असतोच, शिवाय मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रत्नागिरीत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. असं ऊन दगडाचा सगळा उठाव पुसून टाकतं. आंब्याचा हंगाम असल्याने गावातल्या माणसांनाही तेव्हा बोलायला सवड नसते.

गणपतीत आणि शिमग्यात फोटोच्या बेताने येऊ नका. गणपतीला चाकरमानी घरी आलेले असतात, गाड्या खूप आधी भरतात, घराघरांत पाय ठेवायला जागा नसते. कुणी पाहुणा म्हणून बोलावलं तर मात्र जरूर या, कॅमेरा नसला तरी या.

कातळशिल्पाचे फोटो सपाट येतात. समोर स्पष्ट दिसतं, फोटोत नुसता दगड. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि याचं उत्तर मला एका गुराख्या काकांनी दिलं.

राजापूरच्या बाजूला एका सड्यावर मी सकाळी अकराला पोहोचले होते. शिल्प तिथेच आहे हे माहीत होतं, पण पायाशी खडबडीत कातळ सोडून काही दिसेना. दोन फेऱ्या मारल्या. काका गुरं घेऊन चालले होते, थांबले आणि म्हणाले, "बाय, आता नाय दिसायचं. ऊन कलतं होऊं दे." मी खाली गावात गेले, जेवले आणि साडेचारला परत आले. पाचच्या पुढे ऊन आडवं व्हायला लागलं आणि ज्या जागेवरून मी सकाळी दोनदा चालत गेले होते त्याच जागी आधी एक खांदा उमटला, मग कंबर, मग पाय. खोदलेल्या रेषेची एक कड उजळली, दुसरीने सावली धरली. आधी ती सावली दोऱ्याएवढी होती, बघता बघता बोटभर झाली. सूर्य समुद्राला टेकायच्या दहा मिनिटं आधी पूर्ण माणूस समोर आडवा पडलेला होता, माझ्यापेक्षा उंच.

यामागचं कारण साधं आहे. यातली बहुतेक शिल्पं म्हणजे कातळात खोदलेल्या उथळ रेषा. रंग नाही, उंचवटा नाही. रेषा दिसते ती फक्त तिच्या आत पडणाऱ्या सावलीमुळे. सूर्य वर असेल तर खाचेच्या तळापर्यंत ऊन जातं आणि सावली उरत नाही. म्हणून सूर्यास्ताआधीचा तास-सव्वा तास किंवा सूर्योदयानंतरचा तेवढाच वेळ. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे असतो, म्हणजे साडेचारला तुम्ही जागेवर हवेत. उभं राहताना सूर्य पाठीशी घेऊ नका, बाजूला किंवा तिरका समोर घ्या. पाठीशी घेतला की सावल्या रेषेच्या मागे लपतात, वर तुमची स्वतःची सावलीही चित्रात येते.

मळभ आलं तर? अंधार पडायची वाट बघा. ट्रायपॉड लावा, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर ठेवा आणि बरोबरच्या माणसाला दहा-बारा फुटांवर बसवून टॉर्च अगदी जमिनीलगत आडवा धरायला सांगा. रेषा अशा उठतात की दिवसाही तशा दिसत नाहीत. टॉर्चची दिशा बदलून चार-पाच फोटो घेतले की एकात न दिसलेली शेपटी दुसऱ्यात दिसते.

कोणती ठिकाणं घ्यावीत?

युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं गेली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही ठिकाणं आहेत. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ धरून एकूण नऊ. बाकी सड्यांवरही पुष्कळ आहेत, पण पहिल्यांदा येणाऱ्याने यातलीच निवडावीत. रस्ता माहीत असलेला माणूस गावात भेटतो.

उक्षीचा हत्ती सोयीचा. गावकऱ्यांनी राखलेली जागा आहे, रत्नागिरीपासून जवळ आणि उक्षी हे कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे. काशेळीचा हत्ती प्रचंड, सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. तो एका चौकटीत बसवायच्या नादाला लागलात तर निराशा पदरी पडेल. आधी सोंड घ्या, मग एखादा छोटा प्राणी घ्या, मग जमलं तर सगळा हत्ती. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधला माणूस आहे. मला विचाराल तर कोकणातलं सर्वांत गूढ शिल्प तेच.

देवाचे गोठणेला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे शिल्पाजवळ होकायंत्र दिशा चुकवतं. जांभ्यातलं लोह तिथे तसं वागतं. त्यामुळे सूर्य कुठे मावळणार हे फोनमधल्या होकायंत्रावर चालणाऱ्या ॲपवरून ठरवलंत तर चुकाल. आदल्या दिवशी घरी बसून उपग्रहाच्या नकाशावर दिशा बघून ठेवा.

ही शिल्पं किती जुनी आहेत?

अभ्यासकांमध्ये यावर एकमत झालेलं नाही. शिल्पांवरून आणि आसपास मिळालेल्या दगडी हत्यारांवरून काही जण त्यांना मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दहा हजार वर्षांच्याही मागे नेतात. काही ठिकाणी गेंडाही कोरलेला आहे. आज आमच्याकडे गेंडा फक्त त्या दगडात आहे. त्याला समोर बघताना वेळ कुठे जातो कळत नाही.

रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरला तर चालतो का?

नाही. रांगोळी नाही, पीठ नाही, कोळसा नाही. एका सहलीच्या गटाने एका शिल्पाच्या रेषांत पांढरं काहीतरी भरलेलं मी पाहिलंय. दोन पावसाळे गेले तरी जांभ्याच्या छिद्रांतून ते निघालं नव्हतं. माती साचली असेल तर मऊ झाडूने गावकऱ्यांच्या देखत झाडा, लोखंडी काही लावू नका. आणि चप्पल-बूट काढून रेषेच्या बाहेरून फिरा, मधून नाही.

भर दुपारी काय करायचं?

झोपायचं. खरंच. पहाटे उठलेले असता, संध्याकाळचं काम उरलेलं असतं.

झोप येत नसेल तर चिरेखाण. जांभा कापून काढलेल्या खाणीच्या भिंती पुरुष-दोन पुरुष खोल, सरळ उभ्या, आणि त्यांवर कापणीच्या यंत्राच्या आडव्या ओळी एकाखाली एक. लाल, पिवळा, जांभळट, पांढऱ्या मातीचा असे सगळे थर त्यात दिसतात. दुपारचं ऊन तळाला पडतं आणि तिथून उसळून सावलीतल्या भिंती आतून पेटल्यासारख्या लाल होतात. दुपारी चांगला फोटो मिळणारी माझ्या माहितीतली ही एकच जागा. मालकाला किंवा मुकादमाला विचारल्याशिवाय उतरू नका आणि काम चालू असलेल्या बाजूला जाऊ नका. लाल धूळ बारीक असते, तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

मला खरं तर अमेरिकेतल्या कॅन्यनमध्ये जायचंय. सड्यावर त्याचा सराव होईल का?

बराचसा होईल. लाल दगड, कडक ऊन आणि काळीकुट्ट सावली एका चौकटीत कशी बसवायची हे दोन्हीकडे सारखंच. पण एक गोष्ट नेमकी उलटी आहे. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनसारख्या अरुंद घळीत प्रकाशाचे झोत उतरतात ते उन्हाळ्याच्या महिन्यांत, दुपारच्या सुमाराला, कारण सूर्य डोक्यावर आला तरच त्या फटीतून ऊन तळापर्यंत पोहोचतं. आपल्या चिरेखाणीचंच मोठं रूप समजा. सड्यावर तीच वेळ मातीमोल. म्हणजे जागा बघून वेळ ठरवायची सवय लागते, ती तिकडे उपयोगी पडेल.

दुसरी सवय पाण्याची. ती घळ नवाहो लोकांच्या भूमीत आहे आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिथे लांबवर पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक घळीत आला आणि अकरा माणसं गेली. वर आभाळ भरलेलं असण्याची गरज नसते. आमच्या पऱ्यांचंही, म्हणजे सड्यावरून उतरणाऱ्या ओढ्यांचंही, असंच आहे. वरच्या सड्यावर सर कोसळली की कातळ पाणी धरत नाही, सगळं एकदम खाली येतं. पावसाळ्यात पऱ्यात ट्रायपॉड लावून उभे असाल आणि पाणी गढूळ व्हायला लागलं तर ट्रायपॉड उचलायचाही मोह धरू नका, आधी काठावर या.

कोणती लेन्स आणू?

एक वाइड, एक मॅक्रो किंवा मॅक्रोच्या जवळ जाणारी. लांब पल्ल्याची लेन्स घरी ठेवा, पक्षी बघायचे नसतील तर तिचं ओझंच होतं. पोलरायझिंग फिल्टर मात्र पावसाळ्यात विसरू नका. ओल्या कातळावरची चमक त्याने जाते आणि खालचा खरा लाल रंग वर येतो. एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा त्या लालीला चूक समजून ती कमी करत बसतो. डेलाइटवर ठेवा आणि रॉ फाइल घ्या. काळा कातळ नि उजळ आभाळ यांत मोठा फरक असतो, तेव्हा आभाळाला धरून एक आणि दगडाला धरून एक असे दोन फोटो घेऊन ठेवलेले बरे.

सगळ्यात उपयोगी वस्तू कुणी आणत नाही. लांब काठी. मोनोपॉडला कॅमेरा लावून, टायमर किंवा मोबाईलने क्लिक करत तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला की दहा-बारा फूट उंचीवरून खाली बघता येतं. पाच-सहा फुटांचं शिल्प त्यात पूर्ण मावतं.

फक्त मोबाईल आहे. यावं का?

या. आडवं ऊन मोबाईललाही तेवढंच मिळतं.

ड्रोन उडवता येतो का?

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ऑनलाइन नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे हे आधी बघा. हिरव्या पट्ट्यातही ४०० फुटांच्या वर नाही. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा विमानतळ आहे, किनाऱ्यावर बंदरं आहेत, त्यामुळे 'इथे कोण बघतंय' असं म्हणून चालत नाही. गावात सांगून ठेवा. डोक्यावर घरघर सुरू झाली की गुरं उधळतात, आणि किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर समुद्री गरुडांची घरटी असतात, त्यांच्याजवळ तर अजिबात नको. मोठ्या शिल्पांसाठी ड्रोन उत्तम आहे हे मी मान्य करते, पण त्याचीही वेळ तीच, सूर्यास्ताआधीचा तास.

सड्यावरच्या फुलांसाठी काही खास?

जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर दीपकाडी फुलते. पांढरी, नाजूक, एका दांड्यावर ओळीने. जगात ही वनस्पती याच पट्ट्यातल्या सड्यांवर सापडते आणि तिचा बहर थोड्याच दिवसांत आटोपतो. ऑगस्टपासून मग सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी. सीतेची आसवं म्हणजे ती जांभळी-निळी फुलं. दिसायला गरीब, पण मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत ओल्या मातीतले सूक्ष्म जीव पकडून ही वनस्पती जगते. कातळावरच्या मातीत खायला काही नसतं, म्हणून ही सोय.

माती जेमतेम बोटभर जाडीची असते. एका बुटाने ती सालीसारखी निघते आणि पुन्हा साठायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही. म्हणून गालिच्यात शिरायचं नाही. उघड्या दगडावर पोटावर झोपा, कडेच्या फुलाच्या उंचीला लेन्स आणा. मागचे हजार गेंद आपोआप धूसर ठिपके होतात. मधोमध उभं राहून काढलेल्या फोटोपेक्षा हा चांगलाच येतो.

समुद्राचे फोटो त्यातच बसवता येतील?

येतील, आणि त्यासाठी एक युक्ती आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मुंबईकडे हा हिशोब बराच जुळतो, दक्षिणेला सरकाल तशी भरती थोडी आधी येते. या हिशोबाने अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती बाराच्या आगेमागे, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान. त्या दिवसांत पाणी उतरतंही सगळ्यात लांब. नेमक्या सूर्यास्ताच्या वेळी एरवी पाण्याखाली असणारे खडक, त्यांतली डबकी, शेवाळाची हिरवी झालर उघडी पडते.

अमावस्या निवडलीत तर रात्र काळोखी मिळते आणि ताऱ्यांचंही काम होतं. म्हणून माझा सल्ला, थंडीतल्या अमावस्येला लागून शनिवार-रविवार येतोय का ते कॅलेंडरवर बघा आणि तो धरा. काशेळीला एका संध्याकाळी हत्ती आणि दुसऱ्या संध्याकाळी समुद्रावरचा देवघळीचा कडा असं करता येतं.

रात्री आकाशगंगा दिसते का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे, मेमध्ये रात्री उशिरा. सड्यावर दिवे नसतात, पण पश्चिमेला मासेमारीच्या बोटींचा उजेड असतो. तोंड आग्नेयेकडे किंवा दक्षिणेकडे ठेवा.

सड्यावर भीती कशाची?

तीन गोष्टींची, आणि बिबट्या त्यात नाही.

पहिलं फुरसं. रत्नागिरीचे सडे हे त्याचं घर आहे. फूटभर, मातकट, दगडाच्या रंगाशी एकजीव झालेलं. धोका वाटला तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं करून अंग अंगावर घासतं आणि करवतीसारखा आवाज येतो. तो ऐकू आला की आहात तिथेच थांबा, ते कुठे आहे बघा आणि सावकाश मागे सरा. घोट्यावर येणारे बूट घाला, दगड उलटू नका, चौकट सुंदर दिसतेय म्हणून न बघता जमिनीवर हात-गुडघे टेकू नका. रात्री टॉर्च पायाशी. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नका. पाय न हलवता, माणसाला न चालवता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. सर्पविषावरची लस हाच उपाय.

दुसरं, जुन्या चिरेखाणी. काठाला कुंपण नाही, पावसात तुडुंब भरलेल्या, अंधारात जमीन कुठे संपते कळत नाही. ज्या सड्यावर रात्री थांबणार असाल तो आधी उजेडी पायाखालून घाला.

तिसरं वीज. मेचा शेवट आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग जमतात. मोकळ्या सड्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, हातात धातूचा ट्रायपॉड. पहिला गडगडाट ऐकला की खाली उतरा, ढगांचा फोटो राहू दे.

पाणी माणशी तीन लिटर. वर विहीर नाही, टपरी नाही.

यायचं कसं, फिरायचं कसं?

कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरणं सोपं. राजापूर रोड स्टेशन नावाला राजापूरचं, गावापासून बरंच लांब आहे, आधी रिक्षा सांगून ठेवा. पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. कोल्हापूरहून गाडीने येणाऱ्यांना आंबा घाट, थेट राजापूरला जायचं तर अणुस्कुरा.

स्वतःची गाडी नसेल तर वस्तीच्या एसटीचा विचार करा. ती संध्याकाळी गावात येते, रात्री मुक्काम करते आणि पहाटे सुटते. गावात राहणार असाल तर ही वेळ फोटोवाल्याला फारच सोयीची. एरवी त्या गावचाच रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवा. त्याला सडा माहीत असतो आणि साडेसहाला अंधारात वाट बघत थांबायला त्याची ना नसते.

राहण्या-खाण्याचं काय?

रत्नागिरी, पावस, राजापूरला लॉज आहेत. पण सड्याच्या पायथ्याच्या वाडीत घरगुती सोय झाली तर ती घ्या. पहाटे पाचला चहा मिळतो, परत आल्यावर घावणे किंवा आंबोळी, दुपारी कुळथाची पिठी आणि भात. किती माणसं, कोण शाकाहारी, हे आदल्या दिवशी कळवा. मासे बाजारावर अवलंबून असतात, आयत्या वेळी फर्माईश करून घरच्या वहिनींना अडचणीत आणू नका.

सड्यावर जायला परवानगी लागते?

सडा ओसाड दिसतो म्हणून तो कुणाचा नाही असं समजू नका. बहुतेक जमीन खाजगी आहे, एकेका सातबाऱ्यावर अख्खी भावकी असते. वाडीत शिरल्यावर पहिल्या घरी थांबून 'काका, वर कातळावर फोटो काढायला जाऊ का' एवढं विचारायचं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट पोरगं बरोबर देतात. त्या पोराला नंतर त्याचा एक फोटो पाठवायला विसरू नका. आंब्याच्या दिवसांत बागेत नेपाळहून आलेले राखणदार असतात, त्यांना लांबूनच हाक मारून ओळख द्या. देवळात आणि देवराईत गुरवाला विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही.

बाईमाणसाने एकटीने आलं तर?

मी जाते. दिवसा बिनधास्त. रात्रीच्या कामाला मात्र मी घरातल्या कुणाला तरी किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाला बरोबर घेते. ते फुरसं आणि खाणींसाठी, माणसांच्या भीतीने नाही. मोबाईलला रेंज वर बऱ्याचदा असते, उतरताना जाते. म्हणून परतायची वेळ खाली सांगून जा.

फोटो टाकताना ठिकाणाचं नाव लिहू का?

वरच्या यादीतली ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत, ती लिहा. एखाद्या काकांनी हाताला धरून दाखवलेलं, ज्याला अजून कुंपण नाही, असं शिल्प असेल तर फक्त तालुका लिहा. दीपकाडीची जागा तर नकोच.

घरी गेल्यावर कॅमेऱ्याचं काय करू?

कोकणच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते आणि ती आत लागते, पुसून जात नाही. माझी एक चांगली लेन्स पावसाळ्यात कातडी पिशवीत महिनाभर राहिली आणि गेली. परत गेल्या दिवशीच पिशवी रिकामी करा. खारं पाणी उडालं असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि ट्रायपॉडचे सांधे पुसा. लाल धूळ आधी फुंकणीने उडवा, मगच काच पुसा, नाहीतर जांभ्याचे कण काचेवर ओरखडे पाडतात. मग सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्या.